पुठ्ठ्याची वरची बाजू

दर जूनमध्ये आमच्या क्लासातून रद्दीवाला हातगाडी भरून कागद न्यायचा. वर्षभराच्या उत्तरपत्रिका, फाटक्या नोट्स, कुणाकुणाची विसरलेली कंपासपेटी! कपाट रिकामं व्हायचं. किस्से मात्र कुणी नेत नाही. ते माझ्याबरोबर घरी येतात आणि भाजी निवडताना मध्येच आठवतात. मग मी एकटीच हसते आणि घरातले एकमेकांकडे बघतात.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली. पण कोल्हापुरात शिवाजी पेठेजवळच्या एका सीईटीच्या क्लासात मी अकरा वर्षं ऑफिस सांभाळलं. फॉर्म भरून घ्यायचे, हजेरी मांडायची, रविवारच्या टेस्टचे पेपर वाटायचे आणि तपासायचे. फिजिक्स मला आजही कळत नाही, पण फिजिक्सचे पेपर मी हजारांनी तपासलेत!

त्या काळात ही सीईटी नवीनच आली होती. आधी बारावीच्या मार्कांवर डॉक्टर-इंजिनिअर होता यायचं. आता बारावीनंतर सगळ्या राज्याची एकच परीक्षा. प्रश्नाखाली चार उत्तरं छापलेली, अ, ब, क, ड. त्यातलं बरोबर असेल त्याचा गोल पेन्सिलीनं काळा करायचा. लिहायचं काही नाही. मुलांना ते दोन दिवसांत कळलं. आईबापांना समजावता समजावता आमचे मगदूम सर म्हातारे झाले.

क्लासात आम्ही कायमची माणसं तीनच. मगदूम सर, शिपाई गणपामामा आणि मी. मुलं मला काकू म्हणायची, मग सरही काकूच म्हणायला लागले.

या किश्श्यांतला एक मी आठ वर्षं पोटात ठेवला होता. कारण त्यात चूक माझी होती आणि त्या चुकीवर एका मुलीचं सगळं शिक्षण उभं होतं. तो शेवटी सांगते. आधी सोपे सांगते.

*

गारगोटीकडचे एक आजोबा नातवाला घेऊन ॲडमिशनला आले होते. डोक्याला पटका, हातात छत्री. सरांनी त्यांना परीक्षा समजावली.

"म्हंजी उत्तर छापूनच देत्यात?" आजोबांनी विचारलं.

"हो. चार देतात. त्यातलं एक बरोबर असतं."

"आन् बाकीची तीन?"

"ती चुकीची."

"चुकून छापलेली?"

"नाही आजोबा, मुद्दाम."

आजोबांनी डोक्यावरचा पटका सारखा केला. मग छत्री आपटून उठले.

"पोराचं मागनं बघू. आधी ती तीन खोटी छापणारा मास्तर कोन हाय, त्याला नापास करा!"

सर हसले नाहीत. आमच्या टेस्टमधली तीन खोटी उत्तरं ते स्वतःच बनवायचे आणि त्यांना त्याचा फार अभिमान होता.

*

आमचा क्लास पिठाच्या गिरणीच्या वर होता. खाली पट्टा सुरू झाला की वर बाकं थरथरायची. खडू आपोआप घरंगळत टेबलाच्या कडेला यायचा. गुरुत्वाकर्षण शिकवताना सरांना वेगळं उदाहरण लागायचं नाही.

त्या आवाजावर शिकवून शिकवून सरांचा गळा असा झाला होता, की त्यांनी घरी जेवताना मीठ मागितलं तर शेजारीण घेऊन यायची!

पहिल्या वर्षी परीक्षेच्या दिवशी आम्ही केंद्राबाहेर उभे होतो. जयसिंगपूरहून रोज एसटीनं येणारा संदीप रडतच बाहेर आला. चांगला मुलगा, टेस्टला पन्नासपैकी कधी तीसच्या खाली न गेलेला.

"काय झालं रे? अवघड होता?"

"न्हाई सर. सुचंनाच काय."

"का?"

"लई शांत होतं हो. तिथं गिरणी न्हवती!"

सरांना ते फार लागलं. त्यांनी खाली जाऊन गिरणीवाल्याला विनंती केली, की रविवारी टेस्टच्या वेळी तासभर गिरणी बंद ठेवा, मुलांना शांततेची सवय होऊ द्या.

गिरणीवाल्यानं हातातलं पीठ झटकलं. "मगदूम सर, अख्खी पेठ रविवारी दळाय येत्या. एक तास बंद ठिवतो. पण मग भाकरी कशाची करायची ते पेठेला तुमी सांगा. फिजिक्सची?"

*

एका वर्षी आमच्या क्लासात पहिला कोण, हा प्रश्न कधी पडलाच नाही. पहिला सुमित. दर रविवारी सुमित. पन्नासपैकी चव्वेचाळीस, पंचेचाळीस. मुलगा गरीब स्वभावाचा. आई मात्र जागरूक. परीक्षेला महिना होता तेव्हा तिनं डझनभर पेन्सिली देवीच्या पायावर ठेवून आणल्या. नुसत्या ठेवल्या असत्या तर चाललं असतं. तिनं प्रत्येकीच्या टोकाला हळदकुंकू लावलं आणि ते पडू नये म्हणून वर थोडं तेल!

त्या रविवारी सुमितची उत्तरपत्रिका माझ्या हातात आली. पन्नासच्या पन्नास गोल लालभडक!

सरांनी आईला बोलावून घेतलं. "वहिनी, देवीनं उत्तर दिलंय ते मान्य. पण खऱ्या परीक्षेला मशीन तपासतं. मशीनला काळंच दिसतं."

सुमितची आई जराही डगमगली नाही. "मग मशीनला कुंकू लावून घ्या की!"

*

सीईटीला चुकीच्या उत्तराचे मार्क कापत नसत. पण बाहेरच्या दुसऱ्या एका परीक्षेला कापायचे. आमच्यातले चारपाच जण हौसेनं त्या परीक्षेला बसले. त्यातल्या एकाला मिळाले उणे सात.

त्याचे वडील निकालाचा कागद घेऊन जिना चढून आले. सरांनी त्यांना शांतपणे समजावलं, की अंदाजानं गोल काळे केले की असं होतं.

"म्हंजी शून्याच्या खाली?"

"हो."

"आमचं दुसरं पोरगं त्या दिवशी घरात झोपून होतं. त्येला किती पडलं म्हणायचं?"

"त्यानं परीक्षाच दिली नाही. त्याला शून्य."

वडिलांनी कागदाची घडी घातली. "मग सात मार्कानं त्योच हुशार निघाला की हो!"

*

आता रूपालीचं सांगते.

रूपाली सुमितच्याच वर्षाची, पेठेतलीच. तिच्या आण्णांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आमच्या क्लासापासून दोन गल्ल्या सोडून. आई लहानपणीच गेलेली. ही दुकानातच वाढलेली. पंक्चर काढायला तिला माझ्या फोडणीपेक्षा कमी वेळ लागायचा. बोलायला एकदम रोखठोक. आमच्या पेठेत मुलीही 'येतो', 'जातो'च म्हणतात, तशी तीही म्हणायची.

अभ्यासाचं म्हणाल तर, दर रविवारी आम्ही मार्कांची यादी भिंतीवर लावायचो. पहिला वर, शेवटचा खाली. साठ नावांची ती यादी इतकी लांब व्हायची, की खाली पाण्याच्या माठापर्यंत पोचायची. आणि सगळ्यात खाली रूपाली. कधी आठ, कधी नऊ, कधी दहा.

"काकू, माझं नाव माठाला टेकलं बघा," ती हसत म्हणायची. "तहान लागली की सगळ्यांस्नी पयलं मीच दिसतो."

हसायची, पण डोळे हसायचे नाहीत. ते मला दिसायचं.

एका शनिवारी ती माझ्या टेबलापाशी आली. "काकू, उद्याची टेस्ट शेवटची. सोमवारी आण्णा येनार हायत माझं नाव काढाय. मी आता दुकानातच बसनार."

"अगं, अजून पाच महिने आहेत!"

"पाच म्हयन्यानं माठ वर जातोय व्हय?"

मुलगी हुशार आहे, हे मला कळत होतं. बंद पडलेला पंखा उघडून तिनं एकदा दहा मिनिटांत चालू करून दिला होता. पण पंखा चालू करण्याचे मार्क कुणी देत नव्हतं.

*

त्याच आठवड्यात गणपामामांनी एक घोटाळा करून ठेवला होता. मामा चौथी पास. रोज क्लासात वावरून त्यांना वाटायला लागलं होतं, की आपल्यालाही सीईटी कळते. उत्तर न येणाऱ्या मुलांना ते पाणी देता देता कानात सांगायचे, "काय सुचंना झालं तर क लाव. कोल्हापूरचा क हाय. फसवायचा न्हाई!"

एकदोन पोरांचे दोनतीन मार्क खरंच वाढले. मग काय, निम्मा क्लास क लावायला लागला. हे सरांच्या कानावर गेलं. सर इतके तापले, की खाली गिरणी चालू असूनही त्यांचं सगळं ऐकू आलं.

"ह्या रविवारी पन्नासातले फक्त चार क ठेवतो! बघू कोल्हापूर कसं पास होतंय!"

आता पेपर कसे तपासायचो ते सांगायला हवं. आमच्याकडे मशीन नव्हतं. सर बरोबर उत्तरांची यादी द्यायचे. मी उत्तरपत्रिकेएवढा एक कोरा पुठ्ठा घ्यायची आणि प्रत्येक बरोबर गोलाच्या जागी भोक पाडायची. तो पुठ्ठा मुलाच्या उत्तरपत्रिकेवर ठेवला, की जितक्या भोकांतून काळं दिसेल तितके मार्क. साठ पेपर पाऊण तासात! पुठ्ठा उलटा लागू नये म्हणून त्याचा वरचा उजवा कोपरा कातरायचा, असा सरांचा कडक नियम होता.

त्या रविवारी दुपारी पेठेची फुटबॉल मॅच होती. गणपामामा दारात कधीचे चुळबुळत होते. "काकू, आवरा की! मॅच सुरू झाल्यावर काय निकाल लावताय?"

मी घाईघाईत भोकं पाडली. कोपरा कातरायचा राहिला.

*

पहिलाच पेपर सुमितचा. अकरा मार्क!

मी चष्मा पुसला. पुन्हा अकराच. दुसऱ्या हुशार मुलाचा घेतला. त्यालाही अकरा. तिसऱ्या मुलीला बारा. संदीपच्या धाकट्या भावाला अकरा.

मी सरांना हाक मारली. सरांनी यादी बघितली. आधी म्हणाले, "हुशार सगळे अकरावरच कसे? एकमेकांचं बघून लिहिलं काय यांनी?" मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "नाही काकू. पेपरच तसा काढलाय मी! एकाला म्हणून जमला नाही!"

तेवढ्यात रूपालीचा पेपर आला. एकवीस.

"परत तपासा," सर म्हणाले.

मी तीनदा तपासला. तिन्ही वेळा एकवीस. पुठ्ठा तोच, धरायची पद्धत तीच, मग दुसरं काय येणार? पण तेव्हा ते डोक्यात आलं नाही. गणपामामांनी यादी डकवली आणि मॅचला पळाले.

सोमवारी सकाळी आण्णा आले. हाताला ग्रीस, मागे मान खाली घालून रूपाली. सरांना म्हणाले, "सर, पोरीचं नाव काढा. उगं तुमाला तरास."

सर काही बोलायच्या आत आण्णा यादीपाशी गेले. मुलीनं सांगून ठेवलं असणार, म्हणून थेट माठापाशी वाकले. बोट फिरवून बघितलं.

"हितं न्हाईच. तुमी आधीच काढलंय व्हय?"

मग बोट वर सरकलं. आणखी वर. आण्णा हळूहळू सरळ उभे राहिले. मग टाचा उंचावल्या. बोट सगळ्यात वर जाऊन थांबलं. ग्रीसचा एक काळा ठिपका तिथं उमटला.

"रुपे, हे तूच का गं?"

रूपालीनं जवळ येऊन नाव परत वाचलं. तिलाही खरं वाटत नव्हतं.

आण्णांनी नाक ओढलं. सरांकडे वळले. "नाव काढाय आलतो. ऱ्हाऊ द्या. वर हाय तवर ऱ्हाऊ द्या."

संध्याकाळी पेठेच्या तालमीच्या फळ्यावर, जिथं फुटबॉलचे निकाल लागायचे, रंगीत खडूनं ठळक अक्षरं आली. 'पेठेच्या वाघिणीचे हार्दिक अभिनंदन! फिजिक्समध्ये पहिली!' खाली फुटबॉलच्या मॅचचा निकाल बारीक अक्षरात. पेठ मॅच हरली होती.

*

दर बुधवारी सर वर्गात बरोबर उत्तरं वाचून दाखवायचे. त्या बुधवारी मी दाराजवळच्या टेबलापाशी बसून ऐकत होते. यादी संपली तेव्हा सुमितनं हात वर केला. डोळे रडून लाल झालेले.

"सर, माझे पंचेचाळीस येतात."

"उत्तरं ऐकल्यावर सगळ्यांचेच येतात!" सर गरजले. "बस खाली."

रूपाली शेवटच्या बाकावर बोटांवर काहीतरी मोजत होती. मला वाटलं, चला, पहिल्यांदाच मन लावून बसलीय.

पण सुमित खोटं बोलणारा मुलगा नव्हता. मी हळूच कपाट उघडलं, त्याची उत्तरपत्रिका काढली आणि पुठ्ठा हातात घेतला. चारी कोपरे शाबूत! मी पुठ्ठा फिरवला. वरची बाजू खाली, खालची वर. परत ठेवला.

पंचेचाळीस.

साठच्या साठ पेपर उलट्या पुठ्ठ्यानं तपासले होते! मग रूपालीचा काढला. सुलटा पुठ्ठा ठेवला.

चार.

वर्ग सुटल्यावर मी सरांसमोर उभी राहिले. नोकरी जाणार, हे धरूनच चालले होते. सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही. सर खुर्चीत बसले. खालची गिरणीही नेमकी तेव्हाच थांबली.

"काकू," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाले, "हे कुणाकुणाला सांगितलंय?"

"कुणालाच नाही. फक्त तुम्हाला."

"मग मलाही नाही सांगितलं."

"पण सर, ती पोर..."

"ती पोर काल पहाटे साडेसहाला येऊन पायऱ्यांवर बसली होती अभ्यासाला. आणि तालमीच्या फळ्यावर नाव लागलंय तिचं. तो फळा पुसायला तुम्ही जाताय, का मी जाऊ?"

दोघंही गेलो नाही.

सुमितला सरांनी बोलावून स्वतःचं शाईपेन बक्षीस दिलं. कशाबद्दल ते सांगितलं नाही. घरी त्याच्या आईनं देवी बदलली.

*

पुढच्या रविवारी मी पुठ्ठ्याचे कोपरे तीनदा बघितले. सुमित पुन्हा पहिला आला. रूपालीला एकोणीस.

पेठेत हळहळ झाली. आण्णा म्हणाले, "घसरली. दोन मार्कानं घसरली." तालमीतली पोरं म्हणाली, "फॉर्म गेला वाघिणीचा." मी आणि सर एकमेकांकडे बघत नव्हतो. चारावरून एकोणीस! आणि हे ओरडून सांगायची चोरी!

मग तेवीस. मग अठ्ठावीस. दर रविवारी ती पेपर सगळ्यात शेवटी आणून द्यायची आणि माझ्याकडे बघून हसायची. "काकू, चष्मा लावून तपासा हं."

मी लगेच चष्मा पुसायला घ्यायची. वाटायचं, या पोरीला कळलं तर? एकवीस खोटे होते हे कळलं, तर परत माठाखाली जाऊन बसेल. परीक्षेपर्यंत फक्त हिला कळू नये, एवढंच मी देवाजवळ मागत होते. कुठल्या देवाजवळ ते सुमितच्या आईला विचारलं नाही.

सीईटीचा निकाल लागला. सुमित एमबीबीएसला गेला. रूपालीला डेंटलची सीट मिळाली.

पेढे घेऊन आण्णा आले ते जरा गोंधळलेलेच होते. "सर, दात पाडाय शिकायला चार वर्सं कॉलेज?"

"हो आण्णा. वर एक वर्ष प्रॅक्टिस."

"कमाल हाय," आण्णा म्हणाले. "आमच्या पेठेत मॅच सुटली की फुकट पाडत्यात!"

*

त्यानंतर आठ वर्षं गेली. क्लासात मशीन आलं, पुठ्ठे रद्दीत गेले. गणपामामा रिटायर झाले. रूपालीनं पेठेतच दवाखाना टाकला. आण्णांच्या दुकानाच्या वरच्या माळ्यावर. खाली पंक्चर, वर दात. तिचं ऐकून बरं वाटायचं, पण ती समोरून येताना दिसली की मी बोळातून वळायची. तोंड कसं दाखवायचं? या मुलीला अजून वाटतंय, की ती तेव्हा पहिली आली होती.

पण दाढदुखी कुणाचं ऐकत नाही. तीन दिवस लवंग चावून झाली आणि चौथ्या दिवशी मी जिना चढले.

"काकू! या की!" पांढऱ्या कोटात ती इतकी छान दिसत होती. पेशंटशी 'करते', 'सांगते' असं शुद्ध बोलत होती. मला खुर्चीत बसवलं, दाढेचा एक्स-रे काढला. ती फिल्म धुऊन येईपर्यंत मी समोरच्या भिंतीकडे बघत बसले. तिथं काचेच्या फ्रेममध्ये एक फोटो होता. तालमीचा फळा. 'पेठेच्या वाघिणीचे हार्दिक अभिनंदन! फिजिक्समध्ये पहिली!'

मला राहवेना. आज सांगून टाकायचंच, असं ठरवलं.

"रूपाली, मला तुला एक सांगायचंय. तो त्या रविवारचा पुठ्ठा..."

"तोंड उघडा काकू."

मी उघडलं. तिनं इंजेक्शन दिलं आणि दोन्ही बाजूंना कापसाचे बोळे कोंबले. जीभ, ओठ, गाल, काही माझं राहिलं नाही. मग ती स्टूल ओढून माझ्याजवळ बसली.

"आता तुमी बोलायचं न्हाई. आता मी बोलतो," ती म्हणाली. शुद्ध बोलणं कोटाच्या खिशात गेलं होतं. "आठ वर्सं मला बघून बोळात पळताय. मला दिसत न्हाई व्हय?"

"आं..." मी म्हटलं.

"त्या रविवारी मी पेपर वाचलाच न्हवता काकू. क्लास सोडायचाच हुता, मग वाचून काय करू? गणपामामाचं ऐकलं, पन्नासच्या पन्नास क काळे केले आन् मॅच बघाय गेलो. सोमवारी बघतोय तर पयलं नाव! मला वाटलं, मामा देवमाणूस हाय."

मी डोळे मोठे केले.

"बुधवारी सरांनी उत्तरं वाचली. मी क मोजले. चार! मग मला एकवीस आले कुठनं? ब मोजले. बरोब्बर एकवीस. म्हटलं, क च्या जागी ब कधी येतोय? अ ब क ड उलटीकडनं वाचलं की! म्हंजी काकूंनी पुठ्ठा उलटा ठेवलाय!"

मी खुर्चीत सरळ झाले.

"मग वर्गात नजर फिरवली. सर वरडत हुते. सुमित रडत हुता. तुमी कपाटात तोंड घालून बसलेल्या. बाकीची सत्तावन-अठ्ठावन पोरं खाली मान. सगळ्या वर्गात ही गोष्ट बसल्या जागी कुणाला कळली? मला! म्हटलं, पयली तर मीच हाय की. मग दुकानात जाऊन काय करू?"

मला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि दोन्हीसाठी लागणारं तोंड बधिर होतं. मी तिचा हात धरला. तिनं तो थोपटला आणि सोडवून घेतला.

तेवढ्यात मदतनीस मुलगी माझा एक्स-रे घेऊन आली. रूपालीनं ती इवलीशी फिल्म दिव्यासमोर धरली. एकदा अशी. मग फिरवून तशी. मग परत अशी. चेहरा अगदी गंभीर.

"काकू," ती म्हणाली, "ही अशी धरली तर दुखरी दाढ डावीकडं दिसत्या, तशी धरली तर उजवीकडं. तुमाला ह्यातला अनुभव हाय म्हणून विचारतो. कशी धरू?"

माझ्या तोंडात कापूस होता.